रिझोल्यूशन अडकलंय? कार्ड बदलण्याआधी तो आकडा वाचा

आजचा भाग जमलं तर कम्प्युटरसमोर बसून ऐका. बसमध्ये असाल, कानात इअरफोन असतील, तरी चालेल, पण मग सेव्ह करून ठेवा. हा प्रॉब्लेम तुमच्याकडे आला नाही तरी घरात, नात्यात कुणाकडे तरी येतोच, आणि फोन तुम्हालाच येतो. "तू कम्प्युटरवाला ना? जरा सांग रे."

तर प्रॉब्लेम असा. नवीन मॉनिटर आणला, किंवा जुन्याच मॉनिटरला नवीन ग्राफिक्स कार्ड लावलं. चित्र येतं, पण आयकॉन हे एवढे मोठे. अक्षरं धुरकट. सेटिंग्जमध्ये जाऊन रिझोल्यूशनची यादी उघडली, तर मॉनिटरच्या खोक्यावर जो आकडा छापलाय तो त्या यादीत नाहीच.

मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो विंडोज फॉरमॅट मार. दुसरा म्हणतो ड्रायव्हर उडवून परत टाक. आणि दुकानदार म्हणतो, "कार्ड जुनं आहे, त्याला झेपत नाही, नवीन घ्या." म्हणजे सल्ला जसा पुढे जातो तसा खर्च वाढतो. या तिन्ही सल्ल्यांत एक गोष्ट सारखी आहे. यादी कुठल्या आकड्यावर थांबली आहे, हे कुणीच विचारलेलं नाही. मी पहिला प्रश्न तोच विचारतो. कारण निम्मं निदान त्या आकड्यातच असतं.

आधी थोडं मागे जाऊ. तुमच्या मोबाईलला हा प्रॉब्लेम कधी येत नाही, बरोबर? कारण स्क्रीन आणि चिप एकाच कंपनीने एकमेकांसाठी निवडून आत बसवलेली असते. डेस्कटॉपचं तसं नाही. मॉनिटर एका कंपनीचा, कार्ड दुसऱ्या कंपनीचं, आणि केबल? केबल कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमधली, कुणाची ते देवाला माहीत. या तिघांची आधी ओळख व्हावी लागते.

ती ओळख कशी होते, तर मॉनिटरच्या आत एक छोटीशी मेमरी असते, आणि तिच्यात मॉनिटरचा बायोडाटा असतो. हो, लग्नाचा असतो तसाच. तांत्रिक नाव ईडीआयडी. १९९४ साली व्हेसा या संस्थेने हे ठरवलं. मूळ बायोडाटा फक्त १२८ बाइटचा, म्हणजे तुम्ही व्हॉट्सॲपवर "गुड मॉर्निंग" पाठवता त्या फोटोच्या हजारोव्या भागाएवढाही नाही. त्यात कंपनीचा तीन अक्षरी कोड, पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, आणि मला कुठली कुठली रिझोल्यूशन चालतात ही यादी. बनवल्याचं वर्षही असतं. हे सेकंडहँड मॉनिटर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा. विकणारा म्हणतो "दोनच वर्षं वापरलाय", पण बायोडाटा वाचून दाखवणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात, त्यात खरं वय कळतं. लग्नाच्या बायोडाट्यापेक्षा हा जास्त प्रामाणिक!

कार्ड केबलमधून हा बायोडाटा वाचतं. मग तीन गोष्टी जुळवतं. मॉनिटरला काय चालतं, मला काय जमतं, आणि मधल्या रस्त्यावरून किती जाऊ शकतं. तिन्हींत बसेल तेच तुमच्या यादीत येतं. जे बसत नाही ते गुपचूप गाळलं जातं. एरर नाही, मेसेज नाही, काही नाही. सगळा घोळ या गुपचूपपणामुळे होतो. कुठल्या कारणाने गाळलं ते विंडोज सांगत नाही, म्हणून माणूस समोर दिसणाऱ्या सगळ्यात महाग वस्तूवर संशय घेतो.

आता आकड्यांकडे येऊ.

यादी १०२४ × ७६८ च्या आसपास अडकली असेल, तर बहुतेक वेळा ओळखच झालेली नाही. इथे डिव्हाइस मॅनेजर उघडायचं. दोन ठिकाणी बघायचं. "डिस्प्ले ॲडॉप्टर्स" खाली तुमच्या कार्डाचं नाव आहे का? तिथे "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर" लिहिलं असेल, तर ड्रायव्हर नाही. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून टाका, काम झालं. मग "मॉनिटर्स" खाली बघा. "जेनेरिक पीएनपी मॉनिटर" किंवा मॉनिटरचं नाव असेल, तर बायोडाटा पोचलाय. पण "जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर" असेल, म्हणजे मध्ये तो "नॉन" असेल, तर बायोडाटा पोचलेला नाही. कार्ड अंधारात आहे, त्यामुळे ते जपून, कुठल्याही मॉनिटरला चालेल असा छोटा आकडा धरतं. एका शब्दाचा फरक आहे, पण तो बघितला तर फॉरमॅट मारायचा अख्खा रविवार वाचतो.

बायोडाटा का पोचत नाही? व्हीजीए केबल असेल, ती निळ्या टोकाची, दोन स्क्रूवाली, तर तिच्यात १५ पिना असतात. बायोडाटा १२ आणि १५ नंबरच्या पिनांतून जातो. चित्राच्या तारा वेगळ्या. म्हणून १२ किंवा १५ ची पिन वाकली असेल, किंवा स्वस्त केबलमध्ये त्या तारा जोडलेल्याच नसतील, तरी चित्र व्यवस्थित येतं, फक्त ओळख होत नाही. टोक काढून टॉर्च मारून बघा. एक सांगतो, मधल्या ओळीत ९ नंबरची पिन पुष्कळ केबलींमध्ये मुळातच नसते. ती नाही म्हणून घाबरू नका. मध्ये स्प्लिटर असेल, किंवा एका मॉनिटरवर दोन कम्प्युटर चालवायचा स्विच असेल, तर तो काढून थेट जोडून बघा. या डब्या बायोडाटा अडवतात किंवा स्वतःचाच पुढे करतात.

दुसरा आकडा, मला अतिशय आवडणारा, १३६० × ७६८. मॉनिटर १३६६ चा, आणि यादीत १३६०. सहा पिक्सल कुठे गेले? तर बायोडाट्यात नेहमीच्या रिझोल्यूशनची जी छोटी यादी आहे, तिच्यात रुंदी आठने भागून साठवतात. १३६६ ला आठने भाग जात नाही. १३६० ला जातो. झालं! कंपनीने १३६६ वेगळ्या, सविस्तर रकान्यात नीट लिहिलं नसेल, तर कार्ड १३६० वर समाधान मानतं आणि अक्षरं जराशी पसरट दिसतात. यात कार्ड, केबल कशाचाच दोष नाही. ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनलमध्ये कस्टम रिझोल्यूशन टाकून हे बऱ्याचदा सुटतं. जमलं नाही तर विंडोजचा रिझोल्यूशन बदलल्यावरचा मेसेज १५ सेकंदांत आपोआप मागे नेतो, तेव्हा पडदा काळा झाला तरी हात न लावता थांबायचं.

आणि तिसरा प्रकार. यादी १९२० × १०८० किंवा १९२० × १२०० वर थांबते, आणि मॉनिटर त्याहून मोठा आहे. किंवा मोठा आकडा दिसतो, पण रिफ्रेश रेट फक्त ३०, माउस अडखळत चालतो. इथे ओळख झालेली आहे, ड्रायव्हर आहे, रस्ता अरुंद आहे. आणि नेमकं इथेच लोकांना नवीन कार्ड विकलं जातं. म्हणून यावर जरा वेळ घालवू.

माझी एक आतेबहीण सांगलीत असते. लग्नाचे अल्बम डिझाइन करते, फोटोग्राफर लोक तिला फोटो पाठवतात, ती शीट लावून परत पाठवते. तिच्याकडे ऑफिसातून निघालेला जुना, छोट्या आकाराचा कॅबिनेट आहे, आत एक बारकं ग्राफिक्स कार्ड. लग्नसराईच्या तोंडावर तिने सेकंडहँड २७ इंची मॉनिटर घेतला, २५६० × १४४० चा. लावला, आणि यादी १९२० × १०८० वर अडकली.

तुम्ही म्हणाल, चालवून घ्यायचं. पण १४४० ओळींच्या पडद्यावर १०८० ओळींचं चित्र ताणलं की एक पिक्सल दीड नाही, दोन नाही, १.३३ पिक्सलवर पसरतो. पूर्ण आकड्यात बसत नाही, म्हणून कडा धुरकट होतात. तिला सगळे फोटो मऊ दिसायला लागले. मऊ दिसतात म्हणून ती शार्पनेस वाढवत गेली. प्रिंट आली तेव्हा नवरीच्या चेहऱ्यावरचा मेकअप खरवडल्यासारखा. फोटोग्राफरने एक अल्बम परत पाठवला, चूक तुमची, रीप्रिंट तुमच्या खर्चाने. धुरकट स्क्रीन म्हणजे नुसती डोळ्यांची गैरसोय नाही हो, काहींच्या पोटाचा प्रश्न असतो.

दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं. कार्डाला झेपत नाही. नवीन कार्ड साडेबारा हजार, त्याला पॉवर पुरणार नाही म्हणून एसएमपीएस अडीच हजार. पंधरा हजार. तिच्या हातात तीन अल्बमचा मिळून सोळा हजार ॲडव्हान्स होता. पैसे द्यायच्या आदल्या रात्री तिने मला व्हिडिओ कॉल केला. "दादा, फक्त हो किंवा नाही सांग, घेऊ ना कार्ड?"

मी म्हटलं, थांब गं, आधी डिव्हाइस मॅनेजर उघड. कार्डाचं नाव बरोबर दिसत होतं. मॉनिटर "जेनेरिक पीएनपी", "नॉन" नाही. म्हणजे ड्रायव्हर ठीक, ओळख ठीक. मग तिला म्हटलं, कॅबिनेटच्या मागे फोन ने आणि केबल कुठे लावलीये ते दाखव. कार्डाला डिस्प्लेपोर्ट होता. मॉनिटरला मात्र एचडीएमआय केबल लावलेली. आणि मध्ये एक पिटुकलं काळं ॲडॉप्टर, दुकानदाराने मॉनिटरसोबत फुकट दिलेलं.

आता हिशेब करू, सोपा आहे, कोटीतच करू. २५६० गुणिले १४४० गुणिले सेकंदाला ६० वेळा. साधारण २२ कोटी पिक्सल दर सेकंदाला. त्यात थोडी रिकामी जागा धरावी लागते. जुन्या डबा मॉनिटरमध्ये किरणाला एक ओळ संपवून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत जायला वेळ लागायचा, ती पद्धत अजून सिग्नलमध्ये आहे. ती कमीत कमी धरली तरी आकडा होतो २४.१५ कोटी. १९२० × १०८० ला तोच हिशेब १४.८५ कोटी येतो.

डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय काढणारी जी साधी, स्वस्त ॲडॉप्टरं असतात, पहिल्या प्रकारची, त्यांची मर्यादा आहे १६.५ कोटी. १४.८५ आत बसलं, २४.१५ बाहेर राहिलं. बाकी काही नाही! दुसऱ्या प्रकारच्या ॲडॉप्टरला ३० कोटी जमतं, आणि ते आपली मर्यादा कार्डाला स्वतःहून सांगतं. ॲडॉप्टरने काहीच सांगितलं नाही, तर कार्ड १६.५ धरून चालतं आणि त्यावरच्या ओळी यादीतून काढून टाकतं. तिचं कार्ड? डिस्प्लेपोर्ट १.२ चं. त्या पोर्टमधून, नेहमीच्या २४ बिट रंगात, ७२ कोटी पिक्सल जातात. म्हणजे ज्याला "झेपत नाही" म्हणत होते, त्याला गरजेच्या जवळपास तिप्पट झेपत होतं.

मॉनिटरलाही मागे डिस्प्लेपोर्ट होता, धूळ खात. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ डिस्प्लेपोर्ट ते डिस्प्लेपोर्ट केबल घेऊन आला. दोन दुकानं फिरावी लागली, साडेचारशे रुपये. लावली, आणि यादीत २५६० × १४४०, पुढे "रेकमेंडेड" लिहिलेलं. तिने पहिलं काय केलं माहितीये? परत आलेला अल्बम उघडला. आणि म्हणाली, "अरे देवा, हे असं दिसत होतं होय सगळ्यांना."

एक किरकोळ पण महत्त्वाचं. डिस्प्लेपोर्टच्या टोकाला बऱ्याचदा खिटी असते, वरचं बटण दाबल्याशिवाय ती निघत नाही. ओढू नका. पोर्टच कार्डातून उपटून आलेला मी बघितलाय.

तिच्या भावाने यूट्यूबवर बघून कस्टम रिझोल्यूशनची युक्तीही सुचवली होती. त्याच ॲडॉप्टरवर जबरदस्तीने १४४० चालवायचं. कधीकधी चालतंही, खोटं कशाला बोलू. पण मग पडद्यावर ठिपके चमकतात, मध्येच दोन सेकंद काळं होतं. गेम खेळणाऱ्याने करून बघावं. गिऱ्हाइकाचं काम असेल तर मी करणार नाही.

हाच हिशेब बाकी ठिकाणी लावा. जुनं सिंगल-लिंक डीव्हीआय, १६.५ कोटी. त्याची शेवटची पायरी १९२० × १२००. एचडीएमआय १.४ ला ३४ कोटी. फोर-के म्हणजे ३८४० × २१६०, सेकंदाला ३० वेळा २९.७ कोटी, बसतं. ६० वेळा ५९.४ कोटी, नाही बसत. म्हणून फोर-के टीव्ही जुन्या लॅपटॉपला लावला की ३० वर अडकतो. एचडीएमआय २.० ची मर्यादा ६० कोटी, तिथे ५९.४ काठोकाठ बसतं. आणि हे दोन्ही टोकांना बघायचं. कार्डाचा पोर्ट नवा आणि मॉनिटरचा एचडीएमआय जुना, असं सर्रास असतं. १४४० च्या सुरुवातीच्या काही मॉनिटरांत तर एचडीएमआय फक्त १०८० पर्यंतच चालायचा, पूर्ण चित्र हवं तर दुसरा पोर्ट. मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

केबल घेताना "टू पॉइंट झिरोवाली द्या" म्हणू नका. केबलची अधिकृत नावं आकड्यांची नाहीतच. हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड, अल्ट्रा हाय स्पीड, अशी आहेत. फोर-के ६० साठी प्रीमियम हाय स्पीड पुरते. सोन्याचा मुलामा वगैरे सोडून द्या. आणि डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय ही साधी केबल एकाच दिशेने चालते. लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर ती उलटी लावून काहीही होणार नाही, कितीही आशेने लावली तरी.

नवीन पीसी जोडलेल्यांसाठी एक वाक्य. केबल मदरबोर्डच्या पोर्टला नाही ना लावलीत? ग्राफिक्स कार्डाचे पोर्ट खाली, आडवे असतात. हसू नका, फार कॉमन आहे.

टीव्ही मॉनिटर म्हणून लावलाय आणि टास्कबार अर्धा पडद्याबाहेर गेलाय? रिझोल्यूशन बरोबर आहे, टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापतोय. जुन्या काळापासूनची सवय आहे त्याची, ओव्हरस्कॅन म्हणतात. कार्डात काही बदलू नका, टीव्हीच्या पिक्चर मेनूत "जस्ट स्कॅन" किंवा "स्क्रीन फिट" असं काहीतरी असतं, ते चालू करा.

आणि बाबांना अक्षरं बारीक दिसतात म्हणून रिझोल्यूशन कमी करून ठेवणारे, हात वर करा. रिझोल्यूशन पूर्णच ठेवा, त्याच पानावर "स्केल" आहे, ते १२५ किंवा १५० टक्के करा. अक्षरं मोठी आणि स्वच्छ, दोन्ही.

मागच्या महिन्यात रिझोल्यूशनबद्दल बरेच मेसेज आले, त्यात नुसतं "स्क्रीन ब्लर आहे, काय करू" एवढंच होतं. त्यावरून मला काही सांगता येत नाही. तीन फोटो पाठवा. पहिला, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे डेस्कटॉपचं रिझोल्यूशन आणि प्रत्यक्ष जाणारा सिग्नल असे दोन आकडे असतात. ते वेगळे असतील तर कार्ड मध्येच चित्र ताणतंय. दुसरा, डिव्हाइस मॅनेजरमधल्या त्या दोन ओळी. तिसरा, कॅबिनेटची आणि मॉनिटरची मागची बाजू, केबल लावलेल्या स्थितीत, उजेडात. मधलं ॲडॉप्टर असेल तर त्याच्यावरची अक्षरं दिसतील असा.

लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून मॉनिटर का चालत नाही, हे चौघांनी विचारलंय. ते पुढच्या भागात घेतो, कारण दिसायला सारख्या दोन टाइप-सी पोर्टमधल्या एकातून चित्र येतं आणि दुसऱ्यातून नाही, हे समजवायला वेळ लागणार आहे. तोवर पोर्टच्या शेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह, म्हणजे डी आकारात पी, किंवा विजेचं चिन्ह छापलंय का, ते बघून ठेवा.